पितृपंधरवड्यात आलेला कॅमेरा

"तुमच्या त्या कॅमेऱ्यानं माजी जीप खाल्ली," असं म्हणत भागवत दुकानात शिरला, तेव्हा मी एका मॉनिटरच्या पोटात हात घालून बसलो होतो. मॉनिटरच्या आत स्विच बंद केल्यावरही वीज साठून राहते. अशा वेळी कुणाशी भांडू नये. मी हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि म्हणालो, "बसा आधी. कुठला कॅमेरा?"

"चौसाळकर सायबाचा. तुमीच बशिवलाय न्हवं?"

बसवला मीच होता. अंबाजोगाईत तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. डिजिटल कॅमेरा तर गावात बहुतेकांनी पेपरातल्या जाहिरातीतच पाहिलेला. त्यामुळं कॅमेरा बिघडला तरी मी आणि कॅमेऱ्यानं जीप खाल्ली तरी मीच.

भागवत धारूर–अंबाजोगाई काळी-पिवळी जीप चालवायचा. जीप स्वतःची. धारूरच्या घाटात रिकामी जीप घेऊन येताना समोर म्हैस आली, यानं स्टिअरिंग फिरवलं आणि जीप कठड्याला घासत आडवी झाली. म्हैस सुखरूप, हाही सुखरूप. जीपचा टप आणि एक बाजू पार चेपली. जीपचा विमा होता. विमा कंपनी नुकसान बघायला स्वतःचा माणूस पाठवत नाही, सर्व्हेअर पाठवते. सर्व्हेअर म्हणजे लायसन्स असलेला त्रयस्थ माणूस. तो येऊन बघतो, फोटो काढतो, रिपोर्ट देतो. त्या रिपोर्टवर कंपनी ठरवते, भरपाई द्यायची का नाही. आमच्या भागात हे काम चौसाळकर करायचे.

"मग? रिपोर्ट दिला ना त्यांनी?"

"दिला की. लातूरच्या हापिसानं परत पाठिवला. म्हनले, जीप आदीच मोडलेली हुती, नंतर इमा काडला. फोटूवर तारीखच तशी हाय म्हनं." भागवतचा आवाज चढला. "म्या खोटं बोललो म्हनत्यात! जीप गेली तर गेली, पन माजं नाव कावून खराब करायलेत?"

भागवतचा जुना विमा मध्ये संपला होता. नवा त्यानं अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी काढला. अपघात त्यानंतर आठवडाभरानं. आणि फोटोखाली छापलेली तारीख विमा काढण्याच्याही आधीची. लातूरच्या साहेबांच्या जागी मी असतो तर मीही फाइल फेकून दिली असती. अशा फाइलीवर 'फसवणूक' असा शेरा पडला की नुसती भरपाई जात नाही. पुढं कुठली कंपनी विमा देत नाही, आणि विमा नसला की जीप रस्त्यावर आणता येत नाही. दुसरा धंदा भागवतला येत नव्हता. हे सगळं तो खुर्चीच्या टोकावर बसून सांगत होता आणि मला मात्र एकच गोष्ट सतावत होती. त्या कॅमेऱ्यात तारीख मी स्वतःच्या हातानं टाकली होती. बरोबर टाकली होती.

ते बसवायचं कामही काही सरळ झालं नव्हतं. चौसाळकरांचा जुना रोलचा कॅमेरा होता. लहानशा क्लेमला पाच-सहा फोटो पुरतात, पण रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही. मग एका ट्रॅक्टरचे फोटो दुसऱ्याच्या ट्रकसाठी थांबायचे. कंपनीकडून रिपोर्टसाठी फोन यायचे आणि चौसाळकर म्हणायचे, रोल चालू आहे. शेवटी वैतागून त्यांनी डिजिटल घ्यायचं ठरवलं. त्यांचा मेव्हणा पुण्याला होता. तो गावाकडं श्राद्धाला आला तेव्हा कॅमेरा घेऊनच आला.

मी गेलो तेव्हा चौसाळकरांनी उत्साहाच्या भरात वायर आधीच कॉम्प्युटरला जोडून ठेवली होती. डब्यातल्या कागदावर पहिली ओळ हीच असते, की आधी सीडी घाला, मग वायर जोडा. ती ओळ कुणी वाचत नाही, म्हणून तर माझं पोट भरतं. कॉम्प्युटरला नवीन यंत्र ओळखायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नसताना यंत्र जोडलं की कॉम्प्युटर त्याची 'अनोळखी' म्हणून नोंद करतो आणि मग सीडी घातली तरी ओळख दाखवत नाही. एकदा रुसलेल्या सोयऱ्यासारखं त्याचं होतं. मी ती नोंद काढली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, सीडी घातली. अर्ध्यात आलं आणि लाइट गेली. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

हे चालू असताना चौसाळकरांचे वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. जन्मभर कापडाचं दुकान चालवलं, आता दुकान भाड्यानं दिलेलं. पण गल्लीत त्यांचा मान होता तो वेगळ्या कारणानं. दादा पंचांग बघायचे. कुणाला बोअर मारायची असली, मुलीकडं बघायला जायचं असलं, नवीन म्हैस आणायची असली, की लोक आधी दादांना विचारायचे. घेत काही नव्हते. चहा पाजून वर दिवस सांगायचे.

"पितरं चालू हायेत," दादा मला म्हणाले. "नवी वस्तू घरात आनायची का हे दिवस हायेत?"

"दादा, मी नाही आणली. मी फक्त जोडतोय."

"जोडतोय म्हंजी चालूच करतोय की बे!"

चौसाळकर आतून ओरडले, "दादा, त्यांना काम करू द्या."

दादा जागचे उठले नाहीत. मी कॅमेरा चालू केला. नवा कॅमेरा पहिल्यांदा चालू झाला की सगळ्यात आधी तारीख आणि वेळ विचारतो. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्या दिवसाची तारीख टाकली. दादांनी विचारलं, "हे काय टाकलंस?"

"आजची तारीख. हा प्रत्येक फोटोवर तारीख लिहून ठेवतो. कधी काढला ते कायम कळतं."

"कायमचं?"

"कायमचं."

चौसाळकरांना मी सॉफ्टवेअर समजावलं. कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे, एका पानावर चार-चार कसे छापायचे, प्रत्येक फोटोखाली बारीक अक्षरात तारीख आपोआप कशी येते. ते खूश झाले. म्हणाले, "हे झकास. आता कंपनीवाले तारखेबद्दल विचारणारच नाहीत." मी चहा घेऊन आलो.

आता भागवतला घेऊन मी पुन्हा त्याच घरी गेलो. चौसाळकरांचा चेहरा उतरलेला. त्यांच्यापुढं लातूरहून आलेलं पत्र होतं, त्यात भागवतच्या क्लेमबरोबर त्यांच्या लायसन्सचाही उल्लेख होता.

"तुमच्या सॉफ्टवेअरनं घोटाळा केलाय," ते म्हणाले.

मी कॅमेरा चालू केला. पडद्यावर तारीख आली. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली. कॅमेरा नेमका दोन आठवडे मागं होता. वेळ मात्र मिनिटाला बरोबर.

आमच्या धंद्यात अशा वेळी फार अक्कल लागत नाही. कॅमेऱ्याचा सेल संपला तर घड्याळ कंपनीच्या पहिल्या तारखेवर जातं. घड्याळ बिघडलं तर वेळही चुकते. वेळ बरोबर आणि तारीख तेवढी दोन आठवडे मागं, असा बिघाड कुठल्याच कारखान्यात होत नाही.

"साहेब, हे कुणीतरी हातानं बदललंय."

"घरात कोण बदलणार? मी तर त्या बटणाला हात लावत नाही. ते इंग्रजी पुस्तकसुद्धा मी उघडलेलं नाही."

"मी उघडलं होतं," आतल्या दारातून आवाज आला. चौसाळकरांच्या बायको शाळेत शिक्षिका होत्या. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. "मामंजी म्हणाले म्हणून. पुस्तकात बघून मीच बदलली. त्यातून एवढं काही होईल असं मला वाटलं नव्हतं."

सगळे दादांकडं बघायला लागले. दादा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले नाहीत.

"चतुर्थीला आनला असं धरलं," ते म्हणाले. "गनपतीच्या दिवशी. पितरात घरात आलेल्या वस्तूला यश नसतं. तू म्हनलास ना, हे कायमचं लिवून ठिवतंय? मंग कायमचं चांगलं तरी लिवावं."

चौसाळकर खुर्चीवरून उठलेच. "दादा! अहो, माझं लायसन्स जाईल!"

"मला काय ठाव, कुनाची जीप त्यात यील म्हून?"

मग चौसाळकर माझ्याकडं वळले. बापाला काही बोलता येत नाही म्हणून राग माझ्यावर. "तुम्ही एक काम करा. सॉफ्टवेअरचा दोष होता असं लिहून द्या. तुमच्या लेटरहेडवर."

"आणि उद्या माझ्याकडून कोण कॅमेरा बसवून घेईल?"

"अहो, एवढ्यापुरतं!"

"एवढ्यापुरतं म्हणून एकदा तारीख बदलली ना तुमच्या घरात? बघा काय झालं." मी जरा जोरातच बोललो. राग आला होता. काम चोख करायचं आणि खापर मात्र आपल्या डोक्यावर, हे मला कधीच सहन झालं नाही.

इतका वेळ भागवत दाराशी उभाच होता. तो दादांच्या पुढं जाऊन खाली बसला. भांडला नाही.

"दादा, माज्या पोरीनं काल इचारलं, बा, तुमी जीप खरंच आदी मोडली हुती का? साळंत कुनीतरी बोललं तिला. म्या काय सांगू तिला?"

दादांचा अडकित्ता थांबला. त्यांची अडचण मला समजत होती. अख्खी गल्ली त्यांना दिवस विचारायची. आता त्यांनीच ऑफिसात जाऊन सांगायचं, की माझ्याच घरात पितरात नवी वस्तू आली आणि मी ती झाकायला तारीख फिरवली. लातूरला बोललेलं अंबाजोगाईत पोचायला एक एसटी पुरते.

"जाऊ," ते शेवटी म्हणाले. "म्याच सांगतो सायबाला."

"आज निघू मग," चौसाळकर म्हणाले.

"आज न्हाई. आज दिवस बरा न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. दादांचं गणित असं होतं, की निघायला दसऱ्यासारखा दिवस नाही, पण दसऱ्याला ऑफिस बंद. मग त्यांनी जुनी वाट काढली. दसऱ्याच्या सकाळी आपली पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवली. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. माणूस घरीच असतो, पण सामान बाहेर पडलं की प्रवासाला निघाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी ती पिशवी उचलून आम्ही चौघं लातूरच्या गाडीत बसलो. कॅमेरा माझ्या मांडीवर होता.

विमा कंपनीच्या लातूर ऑफिसचे साहेब मूळचे कोकणातले. बोलणं मोजकं, नजर चष्म्यावरून. चौसाळकरांनी सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "कॅमेऱ्याची तारीख चुकली होती, हे तुम्ही क्लेम नाकारल्यावर सांगताय."

मी म्हणालो, "साहेब, तो अजून तसाच आहे. आम्ही हात लावलेला नाही. परवानगी असेल तर तुमचा एक फोटो काढतो."

"माझा?"

"टेबलावर बसलात तसाच."

काढला. मागच्या पडद्यावर फोटो आणि तारीख दाखवली. साहेबांनी चष्मा सरकवून नीट बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. "दोन ऑक्टोबर? दोन ऑक्टोबरला तर ऑफिस बंद होतं."

"हो ना साहेब. आणि तुम्ही खुर्चीत बसलेले."

शेजारच्या टेबलावरचे क्लार्क उठून बघायला आले. साहेब मात्र हसले नाहीत. हुशार माणूस. कॅमेरा परत देत म्हणाले, "यावरून एवढंच सिद्ध होतं, की या कॅमेऱ्याची तारीख कुणीही कशीही बदलू शकतो. तुम्ही आज सकाळी बदलून आणली नसेल कशावरून?"

यंत्र जे सांगतं ते माणसानं सांगितलेलं असतं, एवढंच मी म्हणू शकलो असतो, आणि त्यानं भागवतचा काही फायदा नव्हता. भागवत खाली फरशीकडं बघत होता.

दादा उठून उभे राहिले. टोपी नीट केली. "सायेब, तारीख म्या बदलायला लावली. ह्यांना कुनालाच ठाव नव्हतं."

"तुम्ही? का?"

"पितरात कॅमेरा घरात आला. म्या लोकाला सांगतो, पितरात काय नवं आनू नगा. आन् माज्याच घरात आला. मंग म्या तो चतुर्थीला आला असं धरलं. म्या सत्तर वरसाचा मानूस. देवाला फसवाया गेलो आन् हा गरीब मानूस फसला. तुमी लिवून घ्या, म्या सही करतो."

चौसाळकर खिडकीबाहेर बघत होते. बापाला असं उभं राहून बोलावं लागतंय हे त्यांना सहन होत नव्हतं, स्पष्ट दिसत होतं. मलाही बरं वाटलं नाही. एवढा मानी माणूस क्लार्क लोकांच्या घोळक्यात उभा राहून आपल्या तोंडानं आपलीच चूक सांगत होता.

साहेब खुर्चीत मागं टेकले. "आजोबा, बसा तुम्ही." मग म्हणाले, "आमच्याकडं माझी आई प्रस्थान ठेवायची. मुंबईला निघायच्या दोन दिवस आधी माझी ट्रंक शेजाऱ्यांच्या पडवीत."

"आमी बी कालच ठिवलं. हितं यायला," दादा म्हणाले.

आता मात्र साहेब हसले. "तुमचं प्रस्थान मागच्या तारखेला गेलं, एवढाच फरक." लगेच पुन्हा कोरडे झाले. "मी यावर क्लेम मंजूर करू शकत नाही. पण फसवणुकीचा शेरा काढतो आणि दुसऱ्या सर्व्हेअरकडून पुन्हा पाहणी करून घेतो. जीप आहे कुठं?"

"ग्यारेजात, तशीच," भागवत म्हणाला. "एक बोल्ट बी खोलला न्हाई."

"खोलू नका. आणि चौसाळकर, तुम्हाला एक मेमो मिळेल. यंत्र वापरण्याआधी ते तपासणं हे सर्व्हेअरचं काम आहे, वडिलांचं नाही."

दुसरा सर्व्हेअर उस्मानाबादहून आला. त्यानं रोलचा कॅमेरा आणला होता. घाटातल्या कठड्यावर जीपचा पिवळा रंग अजून चिकटलेला होता, दगड नुकतेच निखळलेले होते आणि घाटातल्या हॉटेलवाल्यानं अपघाताचा दिवस आणि म्हशीच्या मालकाचं नाव धरून सगळी हकिकत सांगितली. क्लेम मंजूर झाला.

जीप सुटली, पण दादा मिटले. बातमी आम्ही लातूरहून परतायच्या आधीच गावात पोचली होती. गल्लीत पोरं कुणाला उशीर झाला की म्हणायची, "तारीख मागं घे की बे." दादा ओट्यावर बसायचे बंद झाले. दिवस विचारायला कुणी येईना. चौसाळकरांकडं प्रिंटरच्या कामाला गेलो तर म्हातारा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेला. मला पाहून एवढंच म्हणाले, "आता बरोबर टाकलीस ना तारीख?"

"टाकली."

"हं."

एक दिवस मी तिथंच असताना भागवत आला. जीप तयार झाल्याचा गॅरेजचा निरोप आला होता. रंग, टप, काचा, सगळं झालेलं. इतके दिवस घरी बसलेला माणूस, मला वाटलं पळत गॅरेजात जाईल. तो थेट आतल्या खोलीत गेला आणि दादांच्या पायाशी बसला.

"दादा, जीप आनायची हाय. आज आनू का?"

दादांनी त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, त्याची थट्टा चाललीय का हे ते तपासतायत. भागवतचा चेहरा अगदी सरळ होता.

"मला कावून इचारतूस?" दादा म्हणाले. "माज्या मुहूर्तानंच तुजी जीप अडकली हुती."

"अडकली बी तुमच्यानं आन् सुटली बी तुमच्यानं. दुसऱ्या कुनाला इचारू?"

म्हातारा हळूहळू उठला. कोनाड्यातलं पंचांग काढलं, चष्मा लावला, बोट फिरवत राहिला. मी आणि भागवत वाट बघत बसलो.

"आज अमावस्या हाय," दादा म्हणाले. "उद्या सकाळी आन. नऊच्या आदी."

"बरं," भागवत म्हणाला आणि चक्क घरी गेला. आणखी एक दिवस बिनधंद्याचा! मी मनात म्हटलं, या गावाचं काही खरं नाही. सकाळी मी दुकान उघडत होतो तेव्हा जीप हॉर्न वाजवत समोरून गेली. पुढच्या सीटवर, भागवतच्या शेजारी, टोपी घातलेले दादा बसले होते.

त्यानंतर मी कॅमेरे बरेच बसवले, पुढं मोबाइलही. सीडी आधी, वायर नंतर, हा नियम कंपन्यांनी कधीच सोडून दिला. माझा एक नियम मात्र अजून चालू आहे. तारखेच्या पडद्याशी आलो की थांबतो आणि घरात पंचांग कोण बघतं ते विचारतो. त्या माणसाला बोलावून शेजारी बसवतो आणि तारीख त्याच्याच हातानं टाकून घेतो. मग ती कुणी बदलत नाही.